डाव्या बाजूच्या गाठी

१

झाकण उचललं आणि संग्रहालयातले तज्ज्ञ डॉ. सिदारूस मोठ्यांदा हसले.

"इन्शिराह, एवढ्यासाठी मला कैरोहून रात्रभर आगगाडीत बसवलंस?"

मला हसू आलं नाही. सकाळपासून वाळवंटातला खमसीनचा वारा सुटला होता, दातांखाली वाळू कचकचत होती आणि मी कोठारातल्या त्या टेबलाभोवती पिंजऱ्यातल्या कोल्हीसारखी फिरत होते. नदीच्या पश्चिम तीरावरच्या या पुराणवस्तूंच्या कोठाराची मी निरीक्षक. बसून विचार करणं मला जन्मात जमलेलं नाही.

टेबलावर हातभर लांबीची लाकडी शवपेटी होती. तिच्या झाकणाला ससाण्याचं डोकं कोरलेलं. आत तान्ह्या मुलाएवढं गाठोडं, नव्याकोऱ्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळलेलं आणि तीन ठिकाणी बांधलेलं. डोक्याशी, कमरेशी, पायाशी.

"सुती कापड!" डॉक्टर म्हणाले. "फेरोंच्या काळात सुती कापड कुठून आलं? हे गेल्या आठवड्याच्या बाजारातलं आहे." त्यांनी चिमट्याने कापडाची कड किंचित वर केली. खाली तपकिरी, जुनाट लिननचे पट्टे दिसले. "आणि ही जुनी चिरगुटं तर तुमच्या डोंगरात ढिगानं पडलीत. नकला करणारे तीच गुंडाळतात. पेटीही जुन्या फळकुटांची जोडलेली दिसते. बरं, बोट लाव खाली."

मी लावलं. गाठोड्याची खालची बाजू दमट होती.

"चिखल अजून ओला आहे, पोरी. तयार होऊन आठवडा झाला नसेल. खोटं आहे हे. आण कागद."

दारात उभ्या पोलीस मेजर नशातनी सुस्कारा सोडला. गेल्या गुरुवारी त्यांनीच ही पेटी पकडली होती. कुणीतरी नाव न सांगता फोन केला होता, आणि होडीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर शाझली नावाचा एक गवंडी गाढवावर ही पेटी घेऊन जाताना सापडला होता.

"उस्ताझा, माझ्या डोक्याला फार ताप देऊ नका," मेजर म्हणाले. "वस्तू खरी असेल तर पुराणवस्तूंची चोरटी विक्री, म्हणजे पोराला पंचवीस वर्षं. खोटी असेल तर संध्याकाळी तो आईच्या हातचं जेवेल. सरकारी वकील सूर्यास्ताला मगरिबची अजान होईपर्यंत थांबणार आहेत. तुमच्या दोघांच्या सह्या हव्यात. शिवाय या डबड्याचा मालकही बाहेर येऊन बसलाय. म्हणतो, माझ्याच कारखान्यात बनलंय."

डॉक्टरांनी सही ठोकली. मी पेन उचललं आणि कागदावर वाकले. वाकल्यावर नाक गाठोड्याच्या जवळ गेलं.

त्याला कापराचा वास येत होता. कापराच्या मागून बोरीच्या पाल्याचा.

मी पेन खाली ठेवलं. हा वास मला माहीत होता. माझ्या आईला शेवटची आंघोळ घातली, त्या दिवशी तो आमच्या घरात भरला होता.

२

"आधी त्या मालकाला आत बोलवा," मी म्हणाले.

मुअव्वदला सगळा पश्चिम तीर ओळखतो. पर्यटकांना दगडी मांजरं आणि फेरोचे मुखवटे विकून त्याने दुमजली घर बांधलं आहे. आत आला तोच छातीवर हात ठेवून.

"वल्लाही उस्ताझा, मला काही तक्रार करायची नाही. गरीब पोरगं आहे, माझ्या अंगणात टाकीसाठी खड्डा खणायला ठेवलं होतं, जाताना पेटी उचलून नेली. मी माफ केलं त्याला. माझा माल मला द्या आणि 'नक्कल आहे' असा एक शिक्क्याचा कागद द्या, म्हणजे विमानतळावर माझ्या गिऱ्हाइकाला त्रास नको."

"काय आहे आत?" मी विचारलं. मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते आणि त्याची मान माझ्याबरोबर फिरत होती.

"धान्याची ममी. तुम्हाला काय सांगायचं? त्यांचा तो ओसायरिस देव मारला गेला होता ना, म्हणून दरवर्षी चिखलात जव कालवून त्याची मूर्ती करायचे. तिला पाणी घालायचे, कोंब आले की गुंडाळून पेटीत पुरायचे. पुस्तकात चित्र बघितलं आणि म्हटलं, मांजरं काय सगळेच विकतात. चेहरा मेणाचा केलाय, हिरवा. मोठा झकास झालाय."

"कापड तूच गुंडाळलंस?"

त्याने पेटीत नजर टाकली. क्षणभरच. "माझ्या माणसांनी."

"या गाठी सगळ्या डाव्या अंगाला का?"

"बांधणारा डावखुरा आहे," तो पटकन म्हणाला. डॉक्टर खुदकन हसले.

खिशातल्या कलिंगडाच्या भाजलेल्या बिया मी फोडत होते. डोकं चालेनासं झालं की माझं तोंड चालतं. एक बी दातांखाली फुटली आणि मी सहज विचारलं, "जव भाजून घातलेस की तसेच?"

"भाजायचे कशाला? माझ्याच शेतातले, याच सुगीचे, पोत्यातून थेट चिखलात. चिखलही भट्टीत घातला नाही, उन्हात वाळवला." तो डॉक्टरांकडे वळला. "हवं तर आत्ता पाण्यात टाकून बघा ना, डॉक्टरसाहेब! तिसऱ्या दिवशी कोंब नाही आले तर माझं नाव बदला. फेरोचं धान्य काही उगवत नाही. ते उगवतं म्हणून फक्त गाईड सांगतात."

"पुरावाच आणलाय की याने," डॉक्टर म्हणाले.

माणूस स्वतःच तपासणी सुचवतो तेव्हा एक तर तो खरा असतो, नाहीतर तपासणीला वेळ नाही हे त्याला ठाऊक असतं. मुअव्वदला बाहेर बसवलं. मेजरनी घड्याळ दाखवलं आणि मी म्हटलं, मला शाझलीला भेटायचंय.

३

शाझली कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. सव्विशीचा, हातांना चुन्याच्या चिरा पडलेल्या. पकडल्यापासून तो कुणाशी बोललेला नव्हता.

"पेटी कुठे मिळाली?"

तो नखाने हातावरचा चुना खरवडत राहिला.

"मुअव्वद म्हणतो त्याने बनवली, तू चोरलीस."

त्याच्या जबड्याचं हाड हललं.

"अरे, मूग गिळून बसलास तर तुझं काय होईल ठाऊक आहे का? माझी सही राहिलीय फक्त! विकायला चालला होतास?"

"लिहा काय लिहायचं ते, उस्ताझा."

मला असा राग आला की त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. सोपं होतं सगळं. 'खोटं' लिहायचं, आणि पोरगं घरी. मुअव्वद खूष, मेजर खूष, डॉक्टर रात्रीच्या गाडीने परत. पण तो कापराचा वास माझ्या नाकातून जात नव्हता. नकला करणारे लोक जुनेपणासाठी चहाचं पाणी लावतात, धूर देतात, शेणात पुरतात. कापूर कशाला लावतील? आणि जुनं भासवायच्या वस्तूवर कोरं पांढरं कापड कोण गुंडाळेल?

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा तो मागून एकदम म्हणाला, "उस्ताझा… तिकडे कुणी असतं ना? रात्रीचं एकटं तर नाही ना ठेवलंय?"

मातीच्या बाहुलीबद्दल हे असं कुणी विचारत नाही. मी जवळजवळ धावतच कोठाराकडे निघाले.

४

त्याची आई कोठाराच्या भिंतीला लागून सावलीत बसली होती. काळ्या मिलायात गुरफटलेली, डोळ्यांत पांढरा पडदा उतरलेला. खाला रवायिह. आमच्या तिन्ही वाड्यांमधल्या बायकामुलांना शेवटची आंघोळ हीच घालते. माझ्या आईलाही हिनेच घातली.

"खाला, मी इन्शिराह."

"आवाजावरून ओळखलं गं. पायांवरूनही ओळखलं असतं. लहानपणापासून भुई तुडवत असतेस." तिने माझा हात चाचपून धरला. "त्याला सोडणार ना?"

"आई गेली तेव्हा मी तुला काहीतरी विचारलं होतं. गाठी सगळ्या डाव्या अंगाला का, म्हणून. आठवतं?"

तिची बोटं माझ्या हातावर थांबली.

"तू म्हणालीस, मातीत माणूस उजव्या कुशीवर, किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला, तोंड करून निजतो. मग डावं अंग वर येतं. खाली उतरणाऱ्याच्या हाताला गाठीचं सुटं टोक लागलं पाहिजे, कारण बांधून पाठवायचं आणि तिथे सोडायचं. खाला, त्या पेटीत मी तुझ्या गाठी बघितल्या."

वाऱ्याने मिलाया उडत होता, तो तिने दातात धरला.

"मी बोलले तर दोघांना धरतील," ती शेवटी म्हणाली. "त्याने मला शपथ घातलीय. म्हणाला, आई, तुझं नाव आलं तर मी कोठडीत डोकं फोडून घेईन."

"आणि तू नाही बोललीस तर मी आंधळ्यासारखी सही करणार. सांग."

मग तिने सांगितलं. मुअव्वदच्या अंगणात खणताना शाझलीच्या फावड्याला पेटी लागली. झाकण सरकलेलं, आत पट्ट्यांत गुंडाळलेलं एक तान्हं. मुअव्वदने एका कडेचे पट्टे उचकटून आत बोट घातलं, वास घेतला, याला पाठ करून डोक्याकडचा पट्टा उचलून बघितला, परत दाबला, आणि म्हणाला, दुकानात नेऊन ठेव, काचेच्या कपाटात.

"माझ्या पोराचं लेकरू थंडीत गेलं, इन्शिराह. जन्मलं आणि गेलं. हा तेव्हा समुद्राकाठी हॉटेलं बांधायला गेलेला. मातीत उतरून गाठी दुसऱ्यानेच सोडल्या. तेव्हापासून याच्या पोटात अन्न ठरत नाही. बुधवारी संध्याकाळी पेटी उचलून घरी आला, म्हणाला, आई, कुणाचं तरी लेकरू विकायला ठेवलंय. त्याला आंघोळ घाल. उद्या मीच उतरेन."

"तू घातलीस आंघोळ?"

"घातली की. जुनं कापड अंगाला चिकटलेलं, ते काढलं नाही. वरूनच पाणी घातलं, बोरीचा पाला आणि मग कापूर. पाणी प्यायलं गं ते सगळं. हाताखाली मऊ झालं. म्हटलं, फार जुनं लेकरू दिसतंय, हळू धरायला हवं."

"कधी?"

"गुरुवारी सकाळी. दुपारी तो निघाला."

मेजर म्हणाले होते, होडीच्या धक्क्याची वाट. ती वाट धक्क्याला जाते खरी, पण त्याआधी कब्रस्तानाला जाते.

पोरगं निर्दोष होतं आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे फक्त त्याच्या आईचा शब्द होता. पेटी जमिनीतून निघाली असं ही म्हणते, कारखान्यात बनली असं मुअव्वद म्हणतो. हिचं ऐकून वस्तू खरी धरली आणि वकिलांनी उरलेली गोष्ट मानली नाही, तर मीच त्याला पंचवीस वर्षांसाठी आत ढकलणार होते. खोटं लिहिलं तर तो आज सुटतो. आणि खरी वस्तू माझ्याच शिक्क्यानिशी मुअव्वदच्या हातात, तिथून विमानात.

मी खिशात हात घातला. भाजलेल्या बिया संपल्या होत्या, फक्त टरफलं उरली होती. ती मुठीत दाबून मी उभी राहिले आणि एकदम मला मुअव्वदचं बोलणं आठवलं.

"खाला," मी म्हणाले, "पाणी किती घातलंस?"

"भरपूर. माणसाला घालतात तेवढं. का गं?"

५

मगरिबला थोडाच वेळ होता. मी मेजर, डॉक्टर आणि मुअव्वद, तिघांना टेबलाभोवती उभं केलं. खालाला एका स्टुलावर बसवलं. शाझलीला हातकड्या घालून आणलं होतं, आणि आईला तिथे पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मुअव्वद, जव याच सुगीचे?"

"हो."

"न भाजलेले? भट्टी न लागलेले?"

"किती वेळा सांगू, उस्ताझा? पाण्यात टाका आणि बघा."

"टाकलेत पाण्यात," मी म्हणाले. "गुरुवारी सकाळी."

मग मी कफनाबद्दल सांगितलं. कापूर, बोरीचा पाला, डाव्या अंगाच्या गाठी. हे कापड कुठल्या डावखुऱ्या कारागिराने नाही, मेलेल्यांना न्हाऊ घालणाऱ्या बाईने गुंडाळलंय, आणि तिने पेटीतल्या त्या जिवाला व्यवस्थित आंघोळ घातलीय.

"डॉक्टर, तुम्हाला लागलेला ओलावा बनवतानाचा नव्हता. आंघोळीचा होता."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"गुरुवारपासून आज मंगळवार. ओल्या चिखलात, ओल्या कापडात, बंद पेटीत, आणि पेटी पोलिसांच्या पत्र्याच्या कपाटात. मे महिन्याचा उकाडा. अशात या सुगीचे न भाजलेले जव काय करतील, मेजर? तुम्ही तर शेतकऱ्याच्या घरातले."

"कोंब फोडतील," मेजर म्हणाले. "मुळं कापडाबाहेर येतील."

मुअव्वदने पेटीकडे पाहिलं. पांढरं कापड सपाट होतं. त्याच्या कपाळावर घाम फुटला. "मी… बहुतेक भाजले असतील. माणसांनी भाजले असतील."

"मघाशी तू नाव बदलायला निघाला होतास."

मी गाठींना हात लावला. आत एक जरी कोंब निघाला असता तर खाला, मी आणि आमचं सगळं शहाणपण मातीमोल झालं असतं. डोक्याकडची गाठ सोडली, मग कमरेची. पायाकडची राहू दिली, तिथवर जायची गरज नव्हती. कफन बाजूला केलं. मुअव्वदने ज्या कडेला पट्टे उचकटले होते तिथे चिखल उघडा पडला होता, मऊ, काळसर. त्यात जवाचे दाणे भरलेले होते. डॉक्टरांनी भिंग लावलं आणि चिमट्याने एक दाणा उचलला.

तो काळा पडलेला होता. चिमट्याच्या दाबानेच त्याची भुकटी झाली. त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. कोंब कुठेच नव्हता.

डॉक्टर किती वेळ वाकलेले होते कोण जाणे. मग ते सरळ झाले, सकाळी सही केलेला कागद त्यांनी उचलला आणि मधोमध फाडला.

"मी ओल बघितली," ते म्हणाले, "पाणी कुणी घातलं ते विचारलं नाही. भाजलेला दाणा असा होत नाही, त्याला आतून भाजल्याची खूण असते. हा नुसताच म्हातारा होऊन मेलाय. खरी आहे, इन्शिराह. अशी अख्खी मी आयुष्यात दोनदाच पाहिलीय."

"म्हणजे पोरगं गेलं," मेजर पुटपुटले.

"कसं जाईल? विकायची वस्तू कुणी न्हाऊ घालून, कफन घालून कब्रस्तानाच्या वाटेला लावतं? त्याला ती वस्तू वाटलीच नव्हती. आत मेणाचा हिरवा चेहरा आहे आणि जव आहेत, हे या खोलीत फक्त एका माणसाला आधीपासून ठाऊक होतं. अजून तो चेहरा पट्ट्यांखालीच आहे, मी सुद्धा पाहिलेला नाही. आपल्या अंगणात निघालं ते याने लपवलं. पोरगं उचलून न्यायला लागलं तेव्हा फोनही यानेच केला असणार, कारण आपण 'खोटं' म्हटलं की माल परत आणि वर सरकारी शिक्का. सोन्याहून पिवळं."

मुअव्वद दाराकडे सरकला. मेजरनी शाझलीच्या हातकड्या काढल्या आणि त्याला घातल्या. पुढे कैरोला दाण्यांची तपासणी झाली, फोन कुठून आला तेही निघालं. पण सरकारी वकिलांना त्या संध्याकाळी एवढंच पुरलं. आईलेकाचा जबाब घेऊन त्यांनी दोघांना घरी जायला सांगितलं.

६

ते दोघं निघाले नाहीत. मेजर गेले, डॉक्टर बाहेर सिगारेट ओढायला गेले. शाझली टेबलाशी उभा होता, त्या उघड्या चिखलाकडे बघत.

"लेकरू नाहीच?" त्याने विचारलं.

"नाही रे. माती आणि जव."

"मी नाव ठेवलं होतं त्याला," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कोठडीत ज्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं तो पोरगा हुंदके देऊन रडायला लागला. मी पुन्हा फेऱ्या मारायला लागले.

"बस गं जरा," खाला मला ओरडली. मग तिने विचारलं, "लेकरू नव्हतं, तर त्या लोकांनी पुरलं कशाला?"

"त्यांचा देव मेला होता, खाला. तो पुन्हा उगवावा म्हणून मातीत दाणे घालून त्याचं रूप करायचे. त्याला गुंडाळायचे आणि रडत रडत पुरायचे."

"रडायचे ना?"

"हो. बायका छाती पिटून रडायच्या म्हणे."

"मग माझं पाणी वाया नाही गेलं." तिच्या पांढऱ्या डोळ्यांवर कोठारातल्या दिव्याचा उजेड पडला होता. "गाठी कुणी सोडल्या?"

"मी. आधी डोक्याकडची, मग कमरेची."

"आणि पायाकडची?"

"ती तशीच आहे."

खालाने फक्त लेकाच्या दिशेने मान वळवली. पुराणवस्तूला बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही, हा नियम मीच या कोठाराच्या दारावर लावलेला आहे. मी जाऊन दार लोटून घेतलं.

"ये," मी शाझलीला म्हणाले. "सुटं टोक डाव्या अंगाला आहे."

त्याने चुन्याच्या चिरा पडलेले हात पाटलोणीला पुसले, दोनदा पुसले, आणि पेटीवर वाकला. गाठ एका ओढीत सुटली. त्याने ती पट्टी घडी करून पायाशी ठेवली आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाला. बहुधा ते नाव असावं.

मग तो आईला हाताला धरून घरी घेऊन गेला. मी पहिल्यांदाच त्या दिवशी खुर्चीवर बसले.